एकाला आडोसा हवा, दुसऱ्याला उघडा हिशेब

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी तालुक्यातल्या दोन वनस्पतींबद्दल मला लिहायचं आहे. एक विशाळगडावरचं कंदीलपुष्प, शास्त्रीय नाव सेरोपेजिया शिवरायियाना. दुसरा आंबा घाटाच्या जंगलातला नरक्या, शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निमोनियाना. दोघांना पावसाळ्यात फुलं येतात आणि दोघांवर संकट आहे. पण ही संकटं इतकी वेगळी आहेत की एकावरचा इलाज दुसऱ्याला लावला तर दोन्ही हातचे जातील. आपल्या जिल्ह्यात वनस्पती वाचवायची म्हटलं की सगळ्यांना एकच काढा पाजला जातो: फलक लावा, बंदी घाला, प्रसिद्धी करा, पावसाळ्यात रोपं लावा. त्याला माझा विरोध आहे.

कंदीलपुष्पाची गोष्ट कोल्हापूरकरांना ठाऊक आहे. 2023 साली विशाळगडावर ही नवी जात नोंदवली गेली. शोध लावणाऱ्यांत कोल्हापूरच्या न्यू कॉलेजचे संशोधक होते, शिवाजी विद्यापीठात आयुष्यभर कंदीलपुष्पांच्या जातींवर काम केलेले प्रा. श्रीरंग यादव होते. जातीला छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव दिलं गेलं आणि एरवी वनस्पतिशास्त्राकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या माणसांनी त्या फुलाचा फोटो एकमेकांना पाठवला. मला त्याचा मनापासून आनंद झाला. गडावरच्या एका वेलीबद्दल रिक्षा स्टॉपवर चर्चा व्हावी, हे रोज घडत नाही.

नरक्याचं नाव छापून येतं ते गुन्ह्यांच्या बातम्यांत. घाटरस्त्यावर रात्री टेम्पो अडवला, इतकी पोती लाकूड जप्त, दोघे ताब्यात. बातमी चार ओळींची असते आणि तिच्यात झाडाबद्दल एवढंच असतं की ते ‘कॅन्सरवर गुणकारी’ आहे. त्या चार ओळी वाचून माणसाला वाईट वाटण्याऐवजी उत्सुकता वाटते, हा भाग आणखी वेगळा.

आता धोका मोजायचा कसा, ते पाहू. जगभर जी लाल यादी प्रमाण मानतात, ती आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची. एखादी जात असुरक्षित, संकटग्रस्त की अतिसंकटग्रस्त, हे ठरवायला तिचे पाच निकष आहेत. त्यातला पहिला निकष घट मोजतो. दहा वर्षांत किंवा त्या जातीच्या तीन पिढ्यांत, यातला जो काळ मोठा असेल त्यात, संख्या 30 टक्क्यांनी घटली तर जात असुरक्षित, 50 टक्क्यांनी घटली तर संकटग्रस्त, 80 टक्क्यांनी घटली तर अतिसंकटग्रस्त. दुसरा निकष जागा मोजतो: जात किती थोड्या भूभागात उरली आहे, त्या भूभागाचे तुकडे पडलेत का, तो खालावतो आहे का. चौथा निकष नुसती डोकी मोजतो. फुलण्याफळण्याच्या वयाची झाडं पन्नासहून कमी असतील तर बाकी काही सिद्ध न करता ती जात अतिसंकटग्रस्त ठरू शकते.

कंदीलपुष्प दुसऱ्या आणि चौथ्या निकषाचं गिऱ्हाईक आहे. एका गडावरून नोंदवलेली जात, जागा थोडी, रोपं थोडी. ती पूर्वीपासूनच थोडी असतील. कंदीलपुष्पांच्या कित्येक जाती निसर्गतःच एखाद्या डोंगरापुरत्या असतात. भारतात कंदीलपुष्पांच्या पन्नासहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक जगात दुसरीकडे कुठे सापडत नाहीत. काही जाती आधी एकाच ठिकाणच्या वाटल्या आणि पुढे कुणीतरी चिकाटीने शेजारचे कडे धुंडाळल्यावर तिथेही निघाल्या. उद्या या जातीचंही तसं होईल, झालं तर उत्तमच. पण तोवर एक दरड, एक पायवाट रुंद करण्याचं काम, एक हौशी माणूस खुरपं घेऊन आला, एवढंही तिला पुरेसं आहे.

नरक्या पहिल्या निकषाचा. तो एका डोंगरापुरता कधीच नव्हता. कोकणातून केरळपर्यंत सह्याद्रीभर, श्रीलंकेत, पूर्वेकडे थेट आग्नेय आशियापर्यंत त्याचा पसारा आहे. आपल्याकडे शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड, सगळ्या घाटपट्ट्यात तो होता आणि आहे. जागेच्या निकषावर तो कधी बसणार नाही. त्याच्याबाबत प्रश्न एकच: पंचवीस-तीस वर्षांपूर्वी इथे किती होता आणि आज किती आहे? पंचवीस वर्षांपूर्वी ज्याला कुणी विचारत नव्हतं, त्याची गणती कोण करून ठेवणार? औषधी वनस्पतींच्या राज्यवार मूल्यांकनांत दक्षिणेकडच्या तज्ज्ञांनी त्याला धोक्यातल्या जातींत धरलं आहे. पण एका जिल्ह्यात, एका बीटात, म्हणजे एका वनरक्षकाच्या हद्दीत, घट सिद्ध करायची म्हटली तर आधीचा आकडा लागतो. तो नसला की झाड आजही दिसतं एवढ्यावर सगळे समाधान मानतात.

ते दिसतं हे खरंच आहे. आंबा घाटाच्या बाजूला ऑगस्टमध्ये रस्ता सोडून शंभर पावलं आत गेलात तर डोळ्यांआधी नाकाला कळतं. फांद्यांच्या टोकांना पिवळट पांढऱ्या बारीक फुलांचे झुपके, त्यांच्यावर माश्यांची रीघ, आणि तो कुजकट वास. मी तिथे एका उतारावर उभा राहून पाहिलं तेव्हा नरक्या चहूकडे होता, पण जवळपास सगळा अंगठ्याएवढ्या जाडीचा. मांडीएवढ्या बुंध्याचं झाड शोधावं लागलं. खाली एके ठिकाणी कोयत्याने तिरका तोडलेला बुंधा होता, त्याच्या कडेने तीन-चार धुमारे फुटले होते. जरा वरच्या अंगाला नुसता खड्डा होता, त्यात पावसाचं पाणी साठलेलं. बरोबर आलेले धनगरवाड्यावरचे मामा म्हणाले, “बुडका ठेवला असता तर परत फुटला असता की ओ. मुळासकट उपसल्यावर काय फुटायचं?”

मामांच्या त्या एका वाक्यात या झाडाचं अख्खं अर्थकारण आहे, आणि ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. 1966 मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य वेगळं केलं. पेशी दुभंगताना तिच्या डीएनएचा पीळ सोडवणारं एक विकर असतं, ते हे द्रव्य अडवतं, त्यामुळे झपाट्याने वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशी मरतात. 1972 मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञ गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी तेच द्रव्य आपल्या नरक्यातही आहे हे दाखवून दिलं. 1996 मध्ये त्यापासून बनवलेल्या टोपोटेकान आणि इरिनोटेकान या दोन औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली आणि मागणी भडकली. वाळलेल्या लाकडात हे द्रव्य साधारण हजारात एक ते तीन भाग एवढंच भरतं. म्हणजे हजार किलो लाकूड कुटलं तर हाती एखाद-दुसरा किलो. मुळांत प्रमाण जास्त. म्हणून ठेकेदार माणसं लावतो ती कोयत्याबरोबर पहार देऊन.

ही औषधं आतड्याच्या, बीजाशयाच्या आणि फुप्फुसाच्या कर्करोगावर आज वापरात आहेत. कोल्हापुरात ज्यांच्या घरी हा आजार येऊन गेला आहे अशी घरं थोडी नाहीत. त्यामुळे नरक्याला हात लावणारा प्रत्येकजण पापी, असं म्हणणं मला पटत नाही. गरज खरी आहे. झाडातल्या बुरशीपासून हे द्रव्य मिळवता येतं, असं 2005 मध्ये भारतीय शास्त्रज्ञांच्या सहभागाने झालेल्या संशोधनातून पुढे आलं, ऊतीसंवर्धनाचे प्रयोगही झाले. पण प्रयोगशाळेतलं यश आणि कारखान्याला परवडेल असा पुरवठा यांत मोठं अंतर असतं. तोवर कच्चा माल रानातून येणार. तो कसा येतो, कुणाच्या हातून येतो आणि त्याची नोंद कुठे होते, एवढाच आपल्या हातातला प्रश्न आहे.

सध्या त्याची नोंद होते ती पकडला गेला तर पंचनाम्यात. न पकडलेला माल कुठून गेला, किती गेला, कुठल्या गोदामात उतरला, काहीच कळत नाही. बंदीचा पहिला परिणाम हाच असतो की व्यवहार अंधारात जातो, आणि अंधारातल्या व्यवहाराला घाई असते. घाईत बुडका ठेवत नाहीत. रात्रीत काम उरकायचं असेल तर मुळासकट उपसलेलं झाड हे हातासरशी जास्त वजन देतं. रोजंदारीवर गेलेल्या माणसाला त्यातलं काय मिळतं ते सांगायला नको. गुन्हा दाखल होतो तो त्याच्यावर.

म्हणून नरक्यासाठी मी उघडा हिशेब मागतो. ज्यांच्या मालकी रानात, बांधावर, पडीक उतारावर तो आहे किंवा लावता येईल, त्यांना तो लावायला, राखायला आणि फांद्या-खोड ठरावीक वर्षांनी तोडून विकायला रीतसर वाव द्यावा. झाड बुडक्यातून चांगलं फुटतं, हा निसर्गाने दिलेला फायदा आहे. सातबाऱ्याला नोंद, गट नंबर, झाडांची संख्या, बुंध्याचा घेर, तोडीचं वर्ष, वाहतुकीचा पास, आणि खरेदीदार कंपनीने दरवर्षी जाहीर करायचं की इतका माल, अमुक जिल्ह्यातून, अमुक शेतकऱ्यांकडून घेतला.

चंदनाचा अनुभव आपल्यासमोर आहे. दक्षिणेत कित्येक वर्षं चंदन म्हणजे सरकारची मालमत्ता होती, शेतकऱ्याच्या बांधावर उगवलं तरी. परिणाम असा की शेतकरी रोप दिसताच उपटून टाकायचा, कारण झाड मोठं झालं की चोर येणार आणि मागोमाग पोलिस येणार. 2001 मध्ये कर्नाटकाने आणि 2002 मध्ये तमिळनाडूने कायदा बदलून झाडाची मालकी जमीनमालकाला दिली, त्यानंतर लोक चंदन लावायला लागले. रानातला चंदन त्यामुळे लगेच वाचला असा माझा दावा नाही, चोरी अजून होतेच. पण लावणारे हात तयार झाले. आपल्याच राज्यात भीमाशंकरकडे हिरडा आणि बेहडा यांची फळं रानातून गोळा करण्याच्या कामाला फेअरवाइल्ड हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालेलं आहे. त्यात झाडावर किती फळ ठेवायचं इथपासून गोळा करणाऱ्याला काय दर द्यायचा इथपर्यंत सगळं लिहिलेलं असतं आणि तपासलं जातं. भीमाशंकरकडे जे जमलं ते शाहूवाडीत का जमू नये?

यावर एक आक्षेप येतो आणि तो मी गंभीरपणे घेतो. लागवडीच्या नावाखाली जंगलातला चोरीचा माल धुऊन निघेल. शेतात शंभर झाडं दाखवायची आणि पासवर हजार झाडांचा माल बाहेर काढायचा. ही भीती खरी आहे. तिच्यावर मला सुचणारा उपाय साधा आहे: मुळांची खरेदी-विक्री सरसकट बंद. शेतातल्या झाडाचंही मूळ विकायचं नाही. विकायचं ते फक्त खोड आणि फांद्या. मग नाक्यावरच्या गार्डला कुठलाही प्रयोगशाळेचा अहवाल लागणार नाही. टेम्पोत मूळ दिसलं की माल बेकायदा. बाकीचं घेर आणि गट नंबरावरून तपासता येतं. शेतकऱ्याचं उत्पन्न यात थोडं घटेल, हे मान्य. पण मूळ विकायची मुभा ठेवली तर रानातला एकही बुडका शिल्लक राहणार नाही.

आता विशाळगडाकडे वळू. तिथे मला नेमकं उलटं म्हणायचं आहे.

कंदीलपुष्पाची रचना ज्याने जवळून पाहिली नसेल त्याने आपल्याकडे सगळ्यात सहज भेटणारी हमण पाहावी. पन्हाळ्याच्या आसपासच्या झुडपांवर ती ऑगस्ट-सप्टेंबरात चढलेली असते. बोटाच्या दोन पेरांएवढं फूल, मळकट पांढरं, जांभळ्या ठिपक्यांचं. खाली फुगीर, मध्ये नळी, वर पाच पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटून झालेली जाळीदार छत्री. त्या फटींतून चिलटाएवढ्या माश्या आत शिरतात. नळीत आतून केस असतात, सगळे खालच्या दिशेने वळलेले. आत जाता येतं, बाहेर येता येत नाही. माशी तळाशी धडपडते, तिच्या अंगाला परागांची पुडी चिकटते, आणि एक-दोन दिवसांनी केस कोमेजले, फूल कलंडलं की तिची सुटका होते. मग ती दुसऱ्या फुलात शिरली, तिथे पुडी नेमक्या खाचेत बसली, तर फळ. खाली पडलेलं एक फूल मी नखाने उभं चिरून पाहिलं तेव्हा तळाशी दोन माश्या होत्या, एक जिवंत. इतकी गुंतागुंत असल्यामुळे फुलं शंभर आली तरी शेंगांच्या जोड्या अगदी थोड्या धरतात. शेंग तडकते, बियांना रेशमी झुपका असतो, वारा नेईल तिकडे बी जातं. वेल वाळतो आणि पुढच्या पावसापर्यंत सगळं झाड म्हणजे जमिनीखालचा एक कंद. गुराख्यांची पोरं तो कंद उकरून खातात, साळिंदर आणि डुक्करही खातात.

ज्या जातीची रोपं मुळात हाताच्या बोटांवर मोजावी अशी, तिला हे सगळं जमवून आणायला निवांतपणा लागतो. तिला गर्दी नको. मोबाइलवरच्या फोटोसोबत गडावरच्या नेमक्या जागेचा पत्ता जाणं तिला नको. नव्या जातीची बातमी आली की पाठोपाठ संग्राहक येतात, हे जगभर घडलं आहे. कंदवर्गीय आणि मांसल वनस्पती जमवणाऱ्यांचा बाजार मोठा आहे, आणि कंद खिशात मावतो. निसर्गनोंदींची जी जबाबदार संकेतस्थळं आहेत ती धोक्यातल्या जातीचं ठिकाण आपोआप धूसर करून दाखवतात. आपल्याकडच्या ट्रेकिंगच्या ग्रुपवर मात्र लोकेशन टाकणं हा मोठेपणा समजला जातो. गडाचं नाव सर्वांना कळलं आहे, ते आता झाकता येणार नाही, झाकायची गरजही नाही. कुठला बुरूज, कुठला उतार, हे मात्र तिथेच राहू द्या.

गडावर दुसरा धोका आपल्याच चांगल्या माणसांकडून आहे, आणि तो लिहिताना मला संकोच वाटतो. दर पावसाळ्यात बाजीप्रभूंच्या स्मरणार्थ पन्हाळा ते पावनखिंड हजारो पावलं चालतात. जुलै 2025 मध्ये पन्हाळा मराठा लष्करी स्थापत्यांबरोबर जागतिक वारसा यादीत गेला आणि सगळ्याच गडांकडे लक्ष वळलं. ठिकठिकाणची तरुण मंडळी रविवारची सुट्टी घालवून तटबंदी साफ करतात, स्वतःच्या खर्चाने, रक्त आटवून. त्यांच्या हातात कोयता-विळा असतो आणि तटावर उगवलेलं सगळं हिरवं त्यांच्या लेखी झाडोरा असतो. वड, पिंपळ, उंबर दगडांच्या सांध्यांत शिरून तट फोडतात, ते काढलेच पाहिजेत, कुठल्याही महिन्यात काढा. पण गवत आणि नाजूक वेलींनी आजवर एकही बुरूज पाडलेला नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात तट ‘स्वच्छ’ केला तर त्या वर्षीचं बी गेलं. हेच गवत डिसेंबरानंतर कापलं तर बी उडून गेलेलं असतं, कंद सुखरूप असतो, आणि उन्हाळ्यातल्या वणव्यालाही खाद्य कमी मिळतं. तणनाशकाचा विचारही कुणी करू नये. पुरातत्त्व खातं, वनखातं आणि गडावर काम करणाऱ्या मंडळांनी एवढं एक वेळापत्रक पाळलं तरी पुष्कळ होईल. मोहिमेआधी कोल्हापुरातल्या एखाद्या कॉलेजचे वनस्पतिशास्त्राचे शिक्षक मंडळींबरोबर तटावरून एक चक्कर मारून आले, तर त्याच तरुणांच्या हातून त्या वेलीची राखण होईल. त्यांच्याइतकी गडावर वारंवार जाणारी दुसरी माणसं नाहीत.

एक मोह आणखी आहे. महाराजांच्या नावाचं फूल, मग ते प्रत्येक गडावर का नसावं? रोपं तयार करा, रायगडावर लावा, प्रतापगडावर लावा. कृपा करून हे नको. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात कंदीलपुष्पांच्या अनेक जाती सांभाळल्या गेल्या आहेत, तसा या जातीचा राखीव साठा उद्यानात असावा, बी-बियाण्याच्या पेढीत असावा. विशाळगडावर काही बरं-वाईट झालं तर तिथेच परत लावायला तो उपयोगी पडेल. दुसऱ्या गडांवर कंदीलपुष्पांच्याच दुसऱ्या जाती आहेत, त्यांच्या जागेत ही घुसवण्याचं काही कारण नाही.

लपवालपवीवरही आक्षेप आहे, आणि तो जास्त वजनदार आहे. आमच्याच जिल्ह्यात शाहूवाडी, राधानगरी, चंदगडच्या सड्यांवर बॉक्साइटच्या खाणी झाल्या. तिथल्या पठारी फुलांबद्दल कुणाला काही माहीत नव्हतं, त्यामुळे ती गेल्याचंही कुणाला कळलं नाही. जे लोकांना माहीत नाही त्यासाठी लोक भांडत नाहीत. हे बरोबर आहे. म्हणून जागा गावापासून लपवा असं मी म्हणत नाही. गडावरच्या आणि गडाखालच्या वस्त्यांना, ग्रामपंचायतीला, बीटच्या वनरक्षकाला, विद्यापीठाला ती माहीत असलीच पाहिजे. बाहेरच्यांना मात्र तिची गरज नाही.

हे दोन्ही करायला नवीन कायदा लागत नाही. वन्यजीव कायद्यात 1991 मध्ये वनस्पतींसाठी स्वतंत्र प्रकरण आलं तेव्हा त्यातल्या यादीत अवघी सहा नावं होती. 2022 च्या दुरुस्तीने ती वाढली, तरी अठरा हजारांहून जास्त सपुष्प जातींच्या देशात अशा यादीवर विसंबून राहण्यात अर्थ नाही. वृक्षतोडीचा 1964 चा कायदा लिहिला गेला तेव्हा डोळ्यांपुढे साग, ऐन, हिरडा होते, कॅम्प्टोथेसिन हे नावसुद्धा जन्मलं नव्हतं. उपयोगाचा आहे तो 2002 चा जैवविविधता कायदा. त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायची आणि लोकजैवविविधता नोंदवही लिहायची. बऱ्याच गावांत ती वही एकदा भरून कपाटात गेली आहे. ती बाहेर काढावी. नरक्याचं पान सगळ्यांना दिसेल असं ठेवावं: गावात किती झाडं, किती जाडीची, कुणाच्या रानात, यंदा किती तोडली, काय भाव मिळाला. कंदीलपुष्पाच्या पानावर जातीचं नाव, महिना आणि संख्या एवढंच. जागेचा तपशील समितीच्या बंद लखोट्यात. गोपनीय माहिती वेगळी ठेवायची सोय या नोंदवहीत आहेच.

शिवाय विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड आणि चंदगड अशी पाच संवर्धन राखीव क्षेत्रं आपल्या जिल्ह्यात काही वर्षांपूर्वी जाहीर झाली. या क्षेत्रांच्या समितीत गावाचा प्रतिनिधी कायद्यानेच बसतो. तिथल्या चर्चा बिबट्या, गवा आणि आता वाघ यांच्यातच अडकून पडतात, ते समजण्यासारखं आहे, माणसांचा आणि पिकांचा प्रश्न असतो. तरी वर्षातली एक बैठक फक्त वनस्पतींची असावी. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमातल्या बोटभर माशासाठी 2021 मध्ये जैविक वारसा स्थळ जाहीर झालं, एवढ्याशा जागेसाठी. एका छोट्या जातीसाठी छोटी जागा राखता येते, याचं उदाहरण घाटाच्या पलीकडेच आहे. विशाळगडाला तो दर्जा हवाच असं मी म्हणत नाही, कारण वारसा स्थळ झालं की फलक आला आणि फलकाबरोबर गर्दी आली. पण मार्ग आहे एवढं समितीला ठाऊक असावं.

पैशाचं म्हणाल तर नरक्यावर तो जास्त खर्च व्हायला हवा. ही गोष्ट लोकांना पटवणं अवघड जातं. एका बाजूला महाराजांच्या नावाचं, जगात एकाच गडावरून नोंदलेलं देखणं फूल, दुसऱ्या बाजूला दुर्गंधी सोडणारं, अजूनही ठिकठिकाणी दिसणारं झुडूप. पण कंदीलपुष्पाला लागतं ते फार महाग नाही: थोडी माणसं, एक वेळापत्रक, तोंड बंद ठेवायची सवय. नरक्याला रोपवाटिका लागतात, गणती लागते, नाक्यावर प्रशिक्षित माणूस लागतो, शेतकऱ्याला पहिली तोड हाती येईपर्यंत आधार लागतो. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाकडून अशा कामाला मदत मिळू शकते, तिच्यासाठी जिल्ह्यातून प्रस्ताव जावा लागतो.

आणि रोपवाटिकेला लागतं बी. नरक्याची फळं पावसाळा सरल्यावर हिवाळ्याच्या तोंडाला पिकतात, पाखरं त्यांच्यावर टपलेली असतात, बी फार काळ टिकत नाही आणि रुजायला महिनोन्‌महिने घेतं. अंगठ्याएवढ्या धुमाऱ्यांना फळ धरत नाही. त्यामुळे प्रत्येक बीटात उरलेली मोठी झाडं यंदा फुलावर असतानाच शोधून त्यांची यादी करावी लागेल, वास येतो तोवर ती शोधणंही सोपं आहे. मग फळं उतरेपर्यंत त्या झाडांवर पहारा. तो धनगरवाड्यावरच्या माणसांना मजुरी देऊन ठेवावा. आज ठेकेदार रात्री बोलावून घेतो तीच ही माणसं, आणि कुठलं झाड कुठे आहे हे त्यांनाच माहीत आहे.